भोंगानानांची बदकं

फैजपुरात उखर्डू फेगडे कुठे राहतात असं विचारलं, तर माणूस क्षणभर घोटाळतो. भोंगानाना म्हटलं, की सावद्याच्या रस्त्यानं जाणारा कोणीही सायकल न थांबवता हातानं घर दाखवतो.

नानांच्या आधी त्यांच्या आईची दोन मुलं गेली होती. म्हणून हे जन्मले तेव्हा आजीनं त्यांना सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं आणि शेजारणीला मूठभर जवारी देऊन परत 'विकत' घेतलं. नाव पडलं उखर्डू. "उकिरड्यावर ठेवल्याबरोबर जो वरडलो, तो अजून गप झालो नही," असं ते स्वतःच सांगत आणि स्वतःच हसत.

पण हा आवाज धंद्यानंही वाढवला होता. उमेदीची सगळी वर्षं ते केळी कापणाऱ्या टोळीचे मुकादम होते. भरात आलेल्या बागेत शेजारच्या ओळीतला माणूस दिसत नाही. वर पानांचं छत, खाली खोडांची दाटी. कोणता घड कापायचा, कोणता ठेवायचा, डोक्यावर घड घेतलेल्यानं कोणत्या सरीतून बाहेर पडायचं, ट्रक कुठवर मागे घ्यायचा, सगळं मुकादमाच्या हाकेवर चालायचं. संध्याकाळी तोच आवाज घरी यायचा. फाटकातून "चहा!" म्हटलं की आत स्टोव्ह पेटायचा. त्यांच्या बायकोला, सुगंधाबाईंना, कधी दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. मुलगा तेजस आणि मुलगी चारुलता यांचं लहानपण त्या हाकांखालीच गेलं. नाना रागीट होते असं नाही. हळू बोलणं हा प्रकारच त्यांना ठाऊक नव्हता.

पुढे गुडघे धरले. टोळी दीपक नावाच्या त्यांच्याच हाताखालच्या गड्यानं सांभाळली, शेत शेजारच्या लीलाधरनं वाट्यानं केलं. तेजस पुण्याला, चारुलता जळगावला, मेहरूणमध्ये. घरी राहिले दोघं आणि घरामागच्या परसातली केळीची चार ओळींची बाग. त्या चार ओळींवर नाना सगळं मुकादमपण करीत.

एका वर्षी पोळ्याच्या सुमाराला या बागेत गोगलगायी झाल्या. सकाळी उठावं तर कोवळ्या पानांची चाळण. नाना मीठ टाकून, वेचून, शिव्या देऊन दमले. त्याच दिवसांत अय्युब घरी आला. अय्युब म्हणजे ट्रकवाला. नानांच्या टोळीनं कापलेली केळी वर्षानुवर्षं त्यानंच दिल्लीकडे नेली होती. तोही मेहरूणचा. त्याच्या हातात केळीचं पुठ्ठ्याचं खोकं होतं आणि खोक्यातून किलकिलाट येत होता.

"नाना, नाही म्हणू नका," तो म्हणाला. "बदकाची पिल्लं आहेत. यांच्या आईला कुत्र्यांनी मारलं. मुमताज सांभाळत होती, पण आमच्या रूहीची डिलिव्हरी आहे, म्हणून ती चाळीसगावला चाललीये लेकीकडे. मी तर रस्त्यावर. घरात कोण बघणार?"

"अन् मी काय बदकं पाळू?" नाना गरजले. खोक्यातला किलकिलाट एकदम थांबला.

अय्युबनं परसाकडे बोट दाखवलं. "गोगलगायी खातात हे."

नानांनी खोक्यात वाकून बघितलं. आठ पिल्लं होती. पिवळी, पाठीवर तपकिरी डाग, चोची अंगापेक्षा मोठ्या. एक पिल्लू दुसऱ्याच्या पाठीवर चढून नानांकडे एका डोळ्यानं बघत होतं.

"ठेव," नाना म्हणाले.

सुगंधाबाई दारात उभ्या राहून पाहत होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "घान कोन काढीन?"

"मी काढीन," नाना म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी असं काही कबूल केलं होतं.

अय्युबच्या बायकोचा, मुमताजचा फोन त्याच संध्याकाळी आला. चाळीसगावला पोचल्या पोचल्या तिला पिल्लांचीच काळजी. "भाऊ, खाली कागद नका टाकू. पाय घसरतात, मग पाय फाकतात त्यांचे. केळीची वाळलेली पानं टाका बारीक करून. वरती पिवळा बल्ब लावा, पण एका बाजूला. गरम झालं तर दुसऱ्या बाजूला सरकता आलं पाहिजे. आणि पाणी असं ठेवा, की चोच नाकापर्यंत बुडेल, पण अंग नाही."

"बदकाले पान्याची काय भीती?"

"आई असली तर नाही. आईच्या पंखाचं तेल पिल्लांना लागतं. यांना आई नाही. भिजले तर गारठून मरतील. पिसं येईपर्यंत पोहायला सोडू नका."

नानांना ही गोष्ट खरी वाटेना, पण ऐकली. पीठ मळायच्या जुन्या परातीत पाणी घातलं आणि पिल्लं आत बसू नयेत म्हणून मधोमध एक वीट उभी केली. सकाळी जवारीचा भरडा भिजवायचा, त्यात उकडलेल्या अंड्याचा बलक कुस्करायचा, घोळाची भाजी बारीक चिरून घालायची. पिल्लं एक घास खायची, पळत जाऊन पाणी प्यायची, पुन्हा पळत येऊन खायची, आणि या धावपळीत सगळी जागा चिखल करून टाकायची. दिवसातून तीनदा पानं बदलावी लागत. वीज गेली की नाना गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून खोक्यात ठेवत. ज्या माणसानं स्वतःच्या मुलांचे लंगोट कधी धरले नव्हते, त्याला मांडी घालून बदकांची घाण काढताना पाहून सुगंधाबाई पदरात हसत.

आठवडाभरात पिल्लं नानांच्या पायांत राहू लागली. ते ओट्यावरून परसात निघाले, की मागे रांग. ते थांबले की रांग थांबे. ते दिसेनासे झाले, की अख्खी रांग माना उंच करून ओरडे.

आणि मग ते घडलं. दुपारी पिल्लं परातीभोवती होती, नाना बाजेवर. समोर पाहतात तो लीलाधरची कालवड कुंपण मोडून बागेत शिरलेली. नाना उठले आणि बागेतली जुनी हाक मारली, "लीलाधर!"

लीलाधर दोन शेतांपलीकडून धावत आला, कालवड घेऊन गेला. नाना समाधानानं वळले. पिल्लं जागेवर नव्हती. हाकेनं बिथरून सगळी परातीवर जाऊन आदळली होती. परात कलंडली होती, वीट पडली होती. सात पिल्लं भिंतीच्या कोपऱ्यात एकमेकांच्या अंगावर चढून थरथरत होती. आठवं विटेखाली होतं.

नानांनी वीट उचलली. पिल्लू हातात घेतलं तर अजून गरम होतं. त्यांनी फुंकर घातली, चोचीला पाण्याचं बोट लावलं. मग केळीच्या बुडाशी खड्डा करून त्याला पुरलं आणि हात न धुताच ओट्यावर येऊन टेकले.

उरलेल्या सातांजवळ ते गेले, तेव्हा पिल्लं आणखी कोपऱ्यात सरकली. सकाळी पायांत घोटाळणारी ही पिल्लं. नानांना ते फार लागलं. टोळीतली माणसं आपल्याला भीत, हे त्यांना माहीत होतं. त्याचा त्यांना थोडा अभिमानही होता. चारूची लहान मुलं आजोबा बोलले की आईमागे लपत, तेव्हा ते हसत. आज त्यांना हसू आलं नाही.

"या रे," ते म्हणाले. आवाज तरीही मोठाच निघाला. त्यांनी घसा दाबल्यासारखा केला आणि पुन्हा म्हणाले, "या. काही नही."

संध्याकाळपर्यंत ते तसेच पुटपुटत बसले. अंधारताना एक पिल्लू आलं, त्यांच्या पायाच्या अंगठ्याला चोच लावून बसलं. मग दुसरं.

त्या दिवसापासून भोंगानाना हळू बोलू लागले. सोपं नव्हतं ते. मोठा आवाज निघायचा, अर्ध्यात गिळायचे. दीपक एकदा भेटायला आला, तर त्याला वाटलं नाना आजारी आहेत. लीलाधरनं घसा बसल्यावर घ्यायचं म्हणून ज्येष्ठमध आणून दिलं.

घरात मात्र वेगळंच सुरू झालं. नाना परसातून म्हणत, "चहा ठेवतं का?" आतून उत्तर नाही. जेवताना म्हणत, "भाजी चांगली झाली." सुगंधाबाई ताटाकडे बघत राहत. नानांना वाटलं, ही रुसली. कशावरून रुसली असेल, याचा त्यांनी पुष्कळ विचार केला. घाणीवरून असेल. परात घेतली म्हणून असेल. त्यांनी जवळ जाऊन विचारलं, "चारूची माय, काही चुकलं का माह्यं?" तेव्हा सुगंधाबाईंनी चमकून वर पाहिलं आणि म्हणाल्या, "हो, आनते." आणि पाण्याचा तांब्या आणून दिला.

पितृपक्षातली एक सकाळ. दोघं ओट्यावर बसलेले. सुगंधाबाई वाल सोलत होत्या, पिल्लं त्यांच्या आसपास. नाना काठी आणायला म्हणून आत गेले. त्याबरोबर सातही पिल्लांनी नेहमीचा आकांत मांडला. नाना काठी घेऊन बाहेर आले, पिल्लं गप झाली.

"पाह्यलं?" नाना हसत, मुद्दाम तिच्या समोर बसून म्हणाले. "इकडून तिकडे गेलो नही का लगेच वरडतात."

सुगंधाबाईंनी शेंग सोलता सोलता पिल्लांकडे मायेनं पाहिलं. "काही म्हना, गरीब जनावर हाये. कोंबडीच्या पिल्लायसारखं नही. दिवसभर नुसत्या चोची उघडतात, आवाज म्हनून नही. म्हनून तं मी घरात राहू देलं याईले."

नानांचा हसरा चेहरा तसाच राहिला. ते तिच्याकडे बघत राहिले. तिनं थट्टा केली नव्हती. मग ते उठले, तिच्या पाठीमागे दाराशी जाऊन उभे राहिले आणि सध्या बोलत होते तेवढ्याच आवाजात म्हणाले, "सुगंधा."

लग्न झाल्यापासून त्यांनी तिला नावानं हाक मारली नव्हती. सुगंधाबाई वाल सोलत राहिल्या.

नाना परत समोर येऊन बसले. त्यांना आता एकेक गोष्ट दिसू लागली. चारूचा फोन आला, की ही "बापाशी बोल" म्हणून फोन लगेच त्यांच्या हातात द्यायची. बायका भजनाला बोलवायच्या, ही जाईनाशी झाली होती. कीर्तनात सगळे हसल्यावर ही हसायची, थोडी मागून. आणि घरात? घरात काही कळलंच नाही. कारण घरात भोंगा होता.

त्यांनी तिचा हात धरून थांबवला आणि तोंडाजवळ तोंड नेऊन विचारलं, "तुले ऐकू येत नही का?"

सुगंधाबाईंनी हात सोडवून घेतला. मग म्हणाल्या, "येतं की. तुमचं सगळं ऐकू येत व्हतं. आत्ता आत्ताच तुम्ही नुसते व्हट हालवू लागले."

"अन् बाकीच्यायचं?"

"लोकं हळू बोलू लागले, असं वाटलं मले. वय झालं का बोलवत नही मानसाले." त्या पुन्हा वाल सोलायला लागल्या. "तुमचा आवाज यायचा ना. मले तेवढा पुरे व्हता."

पिल्लांतलं एक नानांच्या मांडीवर चढू पाहत होतं, त्याला त्यांनी वर घेतलं.

दुपारी त्यांनी चारुलताला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "नाना, मला वाटायचं, आईच्या मनात काहीतरी आहे माझ्याबद्दल. मी नोकरी सोडली नाही, मुलांना पाळणाघरात ठेवलं, म्हणून ती माझ्याशी बोलत नाही. दोन वाक्यं झाली की तुमच्याकडे फोन. कितीदा रडले मी." आणि ती फोनवरच पुन्हा रडली, पण या वेळी निराळं.

नवरात्राच्या आधी तिनं दोघांना जळगावला बोलावलं. पिल्लांपाशी लीलाधरची बायको बसली. कानाच्या डॉक्टरांकडे काचेची एक खोली होती. सुगंधाबाईंना आत बसवलं, कानांवर मोठे हेडफोन चढवले आणि आवाज आला की बोट वर करा म्हणून सांगितलं. बाहेरची मुलगी बटणं दाबत होती. नाना काचेतून बघत होते. मुलगी दाबत होती, थांबत होती, पुन्हा दाबत होती. आत सुगंधाबाई शाळेतल्या मुलीसारख्या ताठ बसून वाट पाहत होत्या आणि बोट मांडीवरच होतं. नानांनी मान फिरवली.

बारीक, चिरके आवाज पूर्ण गेले होते. जाड आवाज थोडे उरले होते. डॉक्टर म्हणाले, बऱ्याच वर्षांचं असणार, घरात कोणाच्या लक्षात कसं आलं नाही? चारुलता काही बोलणार, तेवढ्यात नाना म्हणाले, "माह्यामुळे."

कानात मशीन बसवून बाहेर पडल्या आणि सुगंधाबाई पायरीवरच उभ्या राहिल्या. रिक्षा, हॉर्न, कोणाच्या तरी चपला, प्लास्टिकच्या पिशवीची कुरकुर. त्यांनी दोन्ही हातांनी कान झाकले. "येवढा गलका व्हता इथी?" त्या म्हणाल्या. घरी फैजपूरला येईपर्यंत मशीन त्यांनी काढून रुमालात बांधून ठेवलं.

ते पुन्हा कानात गेलं ते दुसऱ्या दिवशी, चारूनं फोन करून दटावल्यावर. नाना परसात होते. सुगंधाबाई ओट्यावर आल्या आणि खोक्याकडे बघत थबकल्या. पिल्लं भुकेली होती. पूर्ण ताकदीनं ओरडत होती. त्यांनी एकदा पिल्लांकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे.

"हे असे वरडतात?"

"सकाळपासून रातीलोक."

"मले माहीत असतं तं पयल्याच दिवशी अय्युबले परत देले असते," त्या म्हणाल्या, आणि खाली बसून एकेका पिल्लाला कानाजवळ धरून ऐकू लागल्या.

दिवाळीपर्यंत पिल्लांना पिसं आली. पिवळा रंग गेला, करडी-पांढरी झाली. नानांनी परसात खड्डा खणून त्यात जाड प्लास्टिक अंथरलं, बोअरच्या पाण्यानं भरलं. आईविना वाढलेली ती बदकं काठावर उभी राहून पाण्याकडे संशयानं बघत राहिली. नाना गुडघे सांभाळत स्वतः पाण्यात उतरले, तेव्हा एकामागून एक ती आत आली, आणि आल्यावर कोणी शिकवायचं उरलं नाही. गोगलगायी मात्र त्यांनी थोड्याच खाल्ल्या. कोवळी घोळाची भाजी संपवली, सुगंधाबाईंची मेथी संपवली. नानांनी अय्युबला तसं सांगितलं, तर तो म्हणाला, "बदकाला कोणी मुकादम भेटला पाहिजे ना, नाना."

मुमताज रूहीच्या मुलीला चाळीस दिवसांची करून परतली, ती बदकं न्यायला आली. परसात बदकं नानांमागे चालताना बघून तिनं सगळी नेण्याचा विचार सोडला. तिघांना घेऊन गेली, चार राहिली. जाताना ती सुगंधाबाईंशी हळू आवाजात बराच वेळ बोलत होती, बाळंतिणीचं काहीबाही. सुगंधाबाई मशीनच्या बाजूनं कान देऊन ऐकत होत्या आणि मधेच प्रश्न विचारत होत्या. नाना लांबून पाहत होते.

मशीन त्या नेहमी घालत नाहीत. पाहुणे आले, फोन आला, भजनाला गेल्या की घालतात. एरवी डबीत. "डोकं दुखतं," म्हणतात. मग नानांना काही सांगायचं असलं तर उठून जवळ जावं लागतं. ते जातात. गुडघे कुरकुरतात, तरी जातात, आणि गेल्यावर बसतात.

थंडी पडल्यावर एका संध्याकाळी असेच बसले असताना सुगंधाबाईंनी विचारलं, "एक सांगता का? तुमची माय गेली त्या दिवशी तिनं मले जवळ बोलावलं व्हतं. काहीतरी म्हने. मले आलंच नही ऐकू. मी नुसती मान हालवली. तुम्ही दारात व्हते. काय म्हने ती?"

नाना विचारात पडले. चांगलं काहीतरी सांगता आलं असतं. सासूनं आशीर्वाद दिला, म्हणता आलं असतं. सुगंधाबाईंनी ते जन्मभर जपलं असतं. पण त्यांना खरं आठवत होतं. आईचा आवाज अगदी बसलेला होता, दारापर्यंत कसाबसा पोचला होता.

ते तिच्या कानाशी वाकले. "म्हने, सुगंधे, तू जेवली का."

"येवढंच?"

"येवढंच."

सुगंधाबाई परसाकडे बघत राहिल्या. बदकं पाण्याच्या कडेला पिसं साफ करत होती.

"अन् मी मान हालवली," त्या म्हणाल्या. "जेवली नव्हती मी. दोन दिवसाची जेवली नव्हती." मग पदर सावरून उठल्या. "चला, बरं झालं. सुखानं गेली म्हनायची. भाकरी टाकते, गरम गरम खाऊन घ्या."